त्रेसष्ट मैल, सव्वा तास

विमान तिकिटावर लिहिलेल्या गावीच उतरतं, हा एक समज आहे. बहुतेक वेळा तो खरा ठरतो, म्हणून टिकून आहे. ज्या दिवशी तो खोटा ठरायचा, त्या दिवशी आमच्या ऑफिसातला फोन वाजायचा.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या नोकरीवर लिहा ना काहीतरी." मी म्हटलं, "अगं, बस बोलावणं ही माझी नोकरी. त्यात काय लिहायचं?" ती म्हणाली, "मग बस बोलावण्यावरच लिहा." म्हणून हे.

ऑफिस मिल्टन कीन्सच्या एका बिझनेस पार्कमध्ये, दोन राउंडअबाउटच्या मधोमध. खिडकीतून कार पार्क दिसायचा आणि रेडवेवरून, म्हणजे सायकलींसाठीच्या लाल रस्त्यावरून, सायकली जाताना दिसायच्या. विमान कधी दिसलं नाही. काम असं: धुकं आलं, वारा सुटला, रनवेवर बर्फ साचला की विमान भलत्याच गावी उतरवतात. मग त्या प्रवाशांना मूळ गावी कसं पोचवायचं? एअरलाइन स्वतःच्या बसेस बाळगत नाही. ती आम्हाला फोन करायची आणि आम्ही त्या भागातल्या कोचवाल्याला. माणसं किती, अंतर किती, वेळ किती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळा कारभार. ड्रायव्हरला कायद्यानं साडेचार तासांवर सलग गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तिसरं उत्तर चुकलं तर बस मध्येच उभी राहते आणि चाळीस माणसं सर्व्हिस स्टेशनवर सँडविच खात आमच्या नावानं बोटं मोडतात.

बोटं मोडणाऱ्यांची मला सवय झाली होती. एका गृहस्थांनी बसमध्ये पाऊल ठेवायलाच नकार दिला. "मी विमानाचं तिकीट काढलंय, मी विमानानंच जाणार." सगळे गेले, हे एकटे लाउंजमध्ये बसून राहिले. संध्याकाळी हवा निवळली, तेच विमान रिकामंच परत निघालं, आणि त्यात हे एकटे. बसच्या आधी वीस मिनिटं पोचले. आम्हाला तसं पत्र पाठवून कळवलं, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या एका बाईंकडे काड्यापेटीएवढ्या डबीत राणीमाशी होती. तिला थंडी लागून चालणार नव्हतं, म्हणून ॲबर्डीनपासून इनव्हर्नेसपर्यंत ड्रायव्हरनं ती डबी शर्टाच्या खिशात ठेवली. बिलात 'एक जादा प्रवासी' असं लिहून पाठवलं त्यानं.

आता अंतराविषयी. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. कोणतेही दोन विमानतळ निवडा, स्क्रीनवर मैल आणि तास दिसत. माझ्याकडे त्याचं छापील कोष्टकही होतं आणि दोन-तीन वर्षांत ते मला जवळजवळ पाठ झालं. आमचा मॅनेजर ग्रॅहम पाहुण्यांना माझ्या टेबलापाशी आणून म्हणायचा, "विचारा हिला कुठलेही दोन." मला वसुधा न म्हणता सगळे 'व्ही' म्हणत. पाहुणे विचारत, "लीड्स ते न्यूकासल?" व्ही स्क्रीनकडे न बघता सांगायची. मला ते आवडायचं. पुण्यात अकरा वर्षं शिकवून इथं डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईला कुणी काही विचारतंय, याचंच अप्रूप होतं.

कोष्टक कसं तयार झालं, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. सॉफ्टवेअर दोन विमानतळांमध्ये सरळ रेष ओढत असे आणि ताशी पन्नास मैलांनी भागत असे. इंग्लंडच्या पोटात हे चालून जातं. रस्ते वळतात, पण मोटरवेवर वेगही जास्त मिळतो, गोळाबेरीज जमते. एक्सेटर आणि कार्डिफच्या मध्ये खाडी आडवी येते हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं, तेवढी जोडी कुणीतरी हातानं दुरुस्त केली होती. वर उत्तरेकडच्या जोड्या कुणी तपासल्या नाहीत, कारण त्या क्वचितच लागायच्या.

दोन हजार चार-पाचचा सुमार, मार्चमधला शनिवार. शनिवारी डेस्कवर मी एकटीच असे. साडेअकराच्या आसपास फोन आला. ग्लासगोहून बेनबेक्युलाला जाणारं छोटं विमान तिथल्या धुक्यामुळे स्टॉर्नोवेला उतरलं होतं. ही दोन्ही नावं स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची. वायव्येला टोकाशी बेटांची एक माळ आहे. स्टॉर्नोवे त्या माळेच्या वरच्या टोकाला, बेनबेक्युला मध्यावर. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपत आले होते, त्यामुळे विमान परत ग्लासगोला जाणार होतं. बरेच प्रवासी त्यातूनच परत निघाले, काही स्टॉर्नोवेत नातेवाइकांकडे गेले. बेनबेक्युलाला जायचंच असे पाच जण उरले: तिथल्या लष्करी तळावर कामाला चाललेले चार फिटर आणि एक एकटा माणूस.

मी कोष्टक बघितलं. स्टॉर्नोवे ते बेनबेक्युला, त्रेसष्ट मैल, सव्वा तास. यादीत दोन गाडीवाले होते. एकाची मोठी टॅक्सी लगेच मिळत होती. दुसरा डॉनल्ड, मिनिबसवाला, आमच्या जुन्या माहितीतला, भरवशाचा. त्याच्या घरी आन्सरिंग मशीन लागलं: शाळेच्या फुटबॉल टीमला घेऊन गेलोय, दीडपर्यंत येईन. मी विचार केला, सव्वा तासाचा तर रस्ता आहे, कशाला घाई? दोन वाजता निघाले तरी सव्वातीनला पोचतील. मशीनवर निरोप ठेवला: पाच माणसं, स्टॉर्नोवे विमानतळ ते बेनबेक्युला विमानतळ, दोन वाजता. आणि चहा करून घेतला.

बाराच्या सुमारास त्या एकट्या माणसाचा फोन आला. स्टुअर्ट त्याचं नाव. आवाज हळू, सावध.

"बस दोनला आहे म्हणतात. त्याच्या आधी काही होणार नाही का?"

"सर, प्रवास सव्वा तासाचाच आहे. सव्वातीनपर्यंत तुम्ही तिथं असाल."

"तसं नाही, इथं एक बाई आहेत, इथल्याच. त्या म्हणतात मध्ये बोट घ्यावी लागते."

मी पुन्हा स्क्रीन बघितला. तिथं बोट नव्हती. "नाही सर," मी म्हटलं, "आमच्या सिस्टिममध्ये रस्त्यानं त्रेसष्ट मैल दिसतात. बोट नाही."

त्यानं ते पलीकडे कुणाला तरी सांगितलं. मला त्या बाईंचा आवाज ऐकू आला, म्हातारा आणि खणखणीत: "मग गुरुवारनंतर पूल बांधला असेल त्यांनी."

मला हसू आलं. प्रत्येक विमानतळावर अशी एक आजी असते, असं मनाशी म्हणून मी फोन ठेवला.

एक चाळीसला डॉनल्डचा फोन. टीम हरली होती, आवाजावरून कळत होतं. "व्ही, तुझा निरोप ऐकला. त्यांना कुठल्या बोटीत बसवणार आहेस?"

"कुठली बोट?"

मग शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं त्यानं सांगितलं. स्टॉर्नोवेहून दक्षिणेला जायचं, डोंगर ओलांडून, एकेरी रस्त्यावरून, मेंढ्या बाजूला होतील तसं, पावणेदोन तास. रस्ता लेव्हरबर्ग नावाच्या गावी समुद्रात संपतो. तिथून बोट, एक तास. पलीकडे उतरून परत पाऊण तास. "आजची शेवटची बोट साडेतीनची आहे," तो म्हणाला. "उद्या रविवार. रविवारी इथं बोट सुटत नाही. म्हणजे नंतरची सोमवारी सकाळी."

मी घड्याळाकडे बघितलं. एक त्रेचाळीस.

"निघतो मी," डॉनल्ड म्हणाला, आणि ठेवलाही फोन.

पुढचे दोन तास मी जे केलं त्याला काम म्हणता येणार नाही. धक्क्यावरचा नंबर शोधून लावला, कुणी उचलला नाही. बोटीच्या मुख्य ऑफिसला लावला, तिथल्या मुलीनं सहानुभूतीनं सांगितलं की पाच पॅसेंजरसाठी बोट थांबत नाही, भरती-ओहोटी थांबत नाही आणि अंधार पडायच्या आत बोटीला पलीकडे पोचावं लागतं. ती टॅक्सी बाराला पाठवली असती तर दोनच्या आत धक्क्यावर पोचली असती, हा हिशेब मी त्या दोन तासांत बऱ्याच वेळा केला. दर वेळी उत्तर तेच.

तीन सदतीसला डॉनल्डचा फोन. "पाच मिनिटांनी हुकली. दिसतेय अजून."

मग स्टुअर्टनं फोन घेतला. तो ओरडेल अशी माझी तयारी होती. ओरडणाऱ्याला काय बोलायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. तो ओरडला नाही. म्हणाला, "माझी मुलगी एअरपोर्टवर वाट बघत असेल. मी तिच्या आईला सव्वातीन सांगितलं होतं." मग म्हणाला, "ती समोरची टेकडी मुलीच्या घरामागची आहे. इथून दिसते."

मी सॉरी म्हटलं. काय झालं ते मात्र सांगितलं नाही. ट्रेनिंगमध्ये तेही शिकवलेलं असतं.

चार फिटर डॉनल्डबरोबर स्टॉर्नोवेला परत गेले. शनिवारची संध्याकाळ हॉटेलात कंपनीच्या खर्चानं, त्यांची काही तक्रार नव्हती. स्टुअर्टनं लेव्हरबर्गलाच धक्क्याजवळच्या एका घरात खोली घेतली.

सव्वाचारला पुन्हा फोन वाजला. या वेळी बाईचा आवाज. "मी बेनबेक्युला एअरपोर्टवरून बोलतेय. मोराग. इथल्या माणसानं तुमचा नंबर दिला. बस कुठं आहे?"

प्रवाशाची माहिती तिसऱ्याला द्यायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी म्हटलं, "सॉरी, मला तुम्हाला सांगता येणार नाही."

"मग मी सांगते," ती म्हणाली. "बस नाहीच. स्टॉर्नोवेहून इथं सव्वा तासात बस येते, असं त्यानं मला सांगितलं. मी इथं जन्मले. मी ते ऐकून घेतलं, कारण इश्बेल शेजारी उभी होती. आठ वर्षांची आहे. त्याचं हे नवीन नाही. कधी गाडी बंद पडते, कधी बॉस सोडत नाही. या वेळी तर त्यानं समुद्रात रस्ता काढला. महिन्यातून एक शनिवार-रविवार मिळतो त्याला, तोही कोर्टानं दिलाय म्हणून. मी आता वकिलाला सांगणार आहे. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, तो विमानात बसला तरी होता का?"

माझ्यासमोर कॉल्सची वही होती. कुणाचा फोन कधी आला ते आम्ही पेनानं लिहून ठेवत असू. त्या पानावर त्याचं नाव एकदा बारा वाजता होतं, एकदा तीन सदतीसला. पहिल्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'बोट आहे का विचारतो. नाही सांगितलं.'

मी ती ओळ तिला वाचून दाखवली.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे त्यानं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. सव्वा तास हे मी सांगितलेलं आहे. तो आत्ता लेव्हरबर्गला आहे. पाच मिनिटांनी बोट हुकली."

पलीकडे एअरपोर्टवरचं कसलं तरी मशीन घरघरत होतं. मुलीनं काहीतरी विचारलं, तिला मोरागनं त्यांच्या भाषेत, गेलिकमध्ये, उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "तुम्ही कुठून बोलताय?"

"मिल्टन कीन्स."

"ते कुठं आलं?"

मी सांगितलं.

"आणि तिथं बसून तुम्ही आम्हाला रस्ता सांगता," ती म्हणाली. चिडून नाही, नोंद करून घ्यावी तसं. "सोमवारी पहिली बोट आमच्या बाजूनं निघते. रात्री ती इकडेच असते. सव्वासातला." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. हे ती मला का सांगत होती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हाही खात्री नव्हती.

रविवारी मला सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर मी वहीतून उतरवून आणलेला त्या घराचा नंबर काढला. माझा नवरा सतीश पेपर वाचत होता. म्हणाला, "घरून कस्टमरला फोन? कळलं तर काढतील तुला."

"मग काढू देत," मी म्हटलं. हे धैर्य नव्हतं. आदल्या रात्रीपासून मला ते 'नाही सर' ऐकू येत होतं, ते थांबवायचं होतं.

घरमालकिणीनं स्टुअर्टला बोलावलं. मी नाव सांगितलं आणि पहिल्याच वाक्यात चूक कबूल केली, म्हणजे मागे फिरायला जागा राहू नये. तो म्हणाला, "मला कालच कळलं होतं. डॉनल्ड वाटेत सांगत होता." मग म्हणाला, "तुम्ही फार नम्रपणे 'नाही' म्हणालात. म्हणून मी विश्वास ठेवला."



"आज काय केलंत?" मी विचारलं.

"खिडकीत बसलोय. इथं आज काहीच उघडं नसतं. मालकीणबाई म्हणाल्या चर्चला चला, गेलो. पावणेदोन तास गेलिकमध्ये प्रवचन. एक शब्द कळला नाही." तो हसल्यासारखा झाला. "इश्बेलला सगळं कळलं असतं. ती आता माझ्याशी इंग्लिश बोलताना मध्येच अडते. दर महिन्याला एकेक शब्द हरवून येते."

त्याचा बेत असा होता की सोमवारी सकाळी डॉनल्डला बोलावून स्टॉर्नोवेला परत जायचं आणि तिथून थेट ग्लासगो. कामावर निदान दुपारी तरी हजर होता येईल. इश्बेल शाळेत असणार, पलीकडे जाऊन भेट होणार नव्हतीच. मोराग वकिलाकडे जाणार हे त्यानं ओळखलं होतं. याआधी दोन भेटी चुकल्या होत्या. "एक बर्फामुळे," तो म्हणाला, "आणि एक माझ्यामुळे. दुसरीबद्दल मी भांडत नाही."

मोरागनं मला काहीही कबूल केलं नव्हतं. तिनं फक्त बोटीची वेळ सांगितली होती. त्याला आशा लावावी आणि धक्क्यावर कुणी नसावं, हे मला नको होतं. एकदा मी त्याला नसलेला रस्ता सांगितला होता, दुसऱ्यांदा सांगायचा नव्हता.

"तुमचं परतीचं तिकीट बेनबेक्युलाहून आहे," मी म्हटलं. "स्टॉर्नोवेहून नवीन काढावं लागेल. तुम्ही सोमवारी पहिल्या बोटीनंच जा. आधी धक्क्यावर जाऊन थांबा."

"तिकीट तुम्ही बदलून देऊ शकता ना?"

देऊ शकत होते. "सोमवारी बघावं लागेल," मी म्हटलं. नोकरीत मी ज्या काही थापा मारल्या, त्यातली ही एकच मी मुद्दाम मारलेली.

सोमवारी मी लवकर ऑफिसला गेले. आधी बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा निखिल, पुण्याचाच निघाला. तो मराठीत आला तसा मला सूर सापडला. मी सगळं सांगितलं. त्यानं टायपिंगचा आवाज करत करत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? आमच्या रिक्वायरमेंटमध्ये समुद्र नव्हताच."

"अरे, बेट म्हटलं की समुद्र येतो!"

"रिक्वायरमेंटमध्ये बेट पण नव्हतं मॅडम. फक्त एअरपोर्ट होते."

त्यानं तिकीट उघडलं. म्हणजे तक्रार नोंदवली, त्यांच्या भाषेत. दुरुस्ती उन्हाळा संपता संपता आली. तोपर्यंत मी रोज एकेक करत डॉनल्डला आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या ड्रायव्हरांना फोन लावून उत्तरेकडची प्रत्येक जोडी विचारून घेतली आणि छापील कोष्टकावर लाल पेनानं लिहिली. त्यातलं अर्धं पान लाल झालं. जुन्या वह्या काढून बघितल्या तेव्हा माझ्याच हातच्या अशा काही नोंदी सापडल्या. ऑर्कनीहून, शेटलंडहून. कुणी विचारलं होतं, किती वेळ लागेल, आणि मी स्क्रीनवरचं सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा फोन केला नव्हता. ते लोक कसे पोचले, कधी पोचले, त्यांची कोण वाट बघत होतं, मला माहीत नाही. चांगल्या कामाची मी पंधरा-वीस पत्रं जपून ठेवली आहेत, पण नोकरीचा विषय निघाला की मला आधी या न आलेल्या फोनांची आठवण होते.

नऊ वाजता ग्रॅहम आला. शनिवारच्या घटनेचा रिपोर्ट मी त्याच्या टेबलावर ठेवला होता. त्यानं तो वाचला, दार लावून घेतलं.

"व्ही, 'कारण' या रकान्यात 'हवामान' लिही. धुकं होतंच की."

"धुक्यामुळे विमान वळलं. बोट माझ्यामुळे हुकली."

"सॉफ्टवेअरमुळे हुकली."

"सॉफ्टवेअरला कुणी विचारलं नव्हतं, ग्रॅहम. मला विचारलं होतं. आणि त्याच्या शेजारी उभी असलेली बाई बरोबर सांगत होती."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला पुढच्या आठवड्यात एअरलाइनबरोबर करार वाढवून घ्यायचा होता. "हा रिपोर्ट वकिलांच्या हाती गेला तर?" तो म्हणाला.

"जावा अशीच माझी इच्छा आहे," मी म्हटलं आणि सही केली. करार वाढला. टीम लीडरची जागा त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचं कारण हे होतं असं मी म्हणणार नाही, ग्रॅहमही म्हणाला नाही.

अकराच्या पुढे स्टुअर्टचा फोन आला, बेनबेक्युला एअरपोर्टवरून. पहिल्यांदाच तो भराभर बोलत होता.

तो साडेसातपासून धक्क्यावर उभा होता. सव्वाआठला बोट लागली. पुढचं झाकण खाली आलं आणि एक टपालाची गाडी उतरली, मग एक लॉरी, मग मोरागची निळी गाडी. ती उतरली, धक्क्यावरच वळली आणि परत जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर इश्बेल, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, मांडीवर दप्तर. मोरागनं काच खाली केली आणि म्हणाली, "शाळेत अकराला सोडीन म्हणून सांगितलंय. तासभर आहे तुमच्याकडे." बोटीवर चढल्यावर ती गाडीतच बसून राहिली. बापलेक वर डेकवर गेले.

"तो समुद्र फार रुंद नाही," स्टुअर्ट म्हणाला. "सरळ गेली तर अर्ध्या तासात जाईल. पण खाली सगळे खडक आहेत. बोट एका खांबाकडे जाते, मग वळून दुसऱ्या खांबाकडे, मग पुन्हा उलटी. इश्बेलला सगळे खांब माहीत आहेत. ती मला सांगत होती, आता डावीकडे, आता उजवीकडे. माझ्या घड्याळात साठ मिनिटं झाली. इतका वेळ ती माझ्याशी सलग कधी बोलली नव्हती. एरवी मी येतो तेव्हा आधी लाजण्यातच शनिवार जातो."

"आणि वकील?" मी विचारलं.

"मोराग काही बोलली नाही. एअरपोर्टवर सोडलं मला. उतरताना म्हणाली, त्या मिल्टन कीन्सच्या बाईला सांग, वही जपून ठेव." मग त्यानं विचारलं, "कसली वही?"

मी सांगितलं. तेवढ्यात त्याच्या विमानाची घोषणा झाली.

पुढच्या महिन्यात शुक्रवारी त्याचा फोन आला. त्याला डॉनल्डचा नंबर हवा होता. त्यानं या वेळी तिकीटच स्टॉर्नोवेचं काढलं होतं. मला वाटलं चूक झाली, मी म्हटलं, "बेनबेक्युलाला हवा स्वच्छ आहे उद्या. तुम्ही थेट जाऊ शकता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "इश्बेल बोटीवर भेटणार आहे. आईबरोबर येईल आणि आम्ही तिघं परत जाऊ. तिचीच कल्पना."

मी नंबर दिला. शनिवारी संध्याकाळी डॉनल्डनं स्वतःहून फोन केला, जे तो कधी करत नसे. म्हणाला, "तुझ्या माणसाला पोचवलं. तासभर आधी." मग थोडं घुटमळून पुढं बोलला. बोट लांब होती, आगपेटीएवढी, तेव्हापासून स्टुअर्ट धक्क्याच्या टोकाला जाऊन हात हलवत उभा होता. "मी म्हटलं त्याला, एवढ्या लांबून काय दिसणार रे? आणि ती बोट सरळ येत नाही, मध्येच पाठ फिरवते, वाटतं निघाली परत. त्यानं हात काही खाली घेतला नाही."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय," डॉनल्ड म्हणाला, "ती जवळ आली तेव्हा दिसलं, वरच्या डेकवरूनही कुणीतरी कधीपासून हात हलवत होतं."